गाडीत, राहुटीत रात्र काढायची तर ऊब कशी राखावी? शेगडी बाहेरच का ठेवावी?

बडनेरा : डिसेंबर लागला की आपल्या भागात रात्री घराबाहेर झोपणाऱ्यांची संख्या वाढते. कोणी हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात, कोणी जागलीवर, कोणी कापसाची गाडी घेऊन जिनिंगच्या गेटवर, तर कोणी बहिरमच्या यात्रेत. बडनेऱ्याजवळच्या हायवेवर ढाब्यांपुढे ट्रक लावून केबिनमध्ये झोपणारे ड्रायव्हर तर बारमाही असतात. या सगळ्यांचा प्रश्न एकच : रात्रभर ऊब कशी राहील आणि सकाळी सगळे सुखरूप कसे उठतील?

परदेशात लोक चाकांवरचं घर घेऊन फिरतात, त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडे तशी गाडी क्वचितच दिसते. आपली कॅरॅव्हॅन म्हणजे मागून ताडपत्री बांधलेला टेम्पो, ट्रॅक्टरची ट्रॉली, नाहीतर चार बांबूंवर उभी केलेली राहुटी. पण थंडीचा नियम सगळीकडे सारखाच. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

एका रात्रीची गोष्ट

चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमची यात्रा २० डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीअखेरपर्यंत चालते. सातपुड्याच्या पायथ्याचं ठिकाण, त्यामुळे रात्री बोचरी थंडी. पूर्वी लोक बंड्या-दमण्या घेऊन जायचे आणि आठ-आठ दिवस मुक्काम ठोकायचे. आता चारचाकी आणि टेम्पो आले, पण राहुटीत राहायचं आणि हंडी-रोडगे करायचे ही रीत कायम आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरचे नऊ जण टेम्पो घेऊन गेलो होतो. जेवणं झाल्यावर रोडग्याच्या आरातले लाल निखारे घमेल्यात भरले आणि टेम्पोत ठेवले. धूर अजिबात नव्हता. मागची ताडपत्री घट्ट बांधली. ऊब अशी आली की सगळे दहा मिनिटांत झोपले. रात्री दोनच्या सुमारास माझा पोरगा लघवीला उठला आणि दारातच धडपडला. त्याला वाटलं झोपेत पाय अडकला. मामी उठून बसली, म्हणाली, "मले गरगरून राह्यलं बाप्पा, डोकं फुटते का काय." तिला उलटी झाली. मग लक्षात आलं की माझंही डोकं ठणकत होतं. ताडपत्री सोडली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. थोरल्या भावाला तर हलवून हलवून जागं करावं लागलं. बाहेरच्या हवेत हळूहळू सगळे सावरले. सकाळी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पोरगा लघवीला उठला म्हणून तुम्ही वाचले.

त्या रात्रीनंतर मी या विषयाची माहिती जमवायला लागलो. त्यात घमेलं बाहेर ठेवूनही ऊब राहू शकते, हे सगळ्यात कामाचं निघालं.

निखाऱ्यात नेमकं काय असतं?

लाकूड, कोळसा, गॅस, डिझेल, काहीही अपुऱ्या हवेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. धूर दिसला की माणूस खोकतो आणि उठतो. या वायूने तो उठत नाही, उलट जास्त गाढ झोपतो.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. श्वास चालू असतो, छाती हलत असते, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही.

"धूर गेला, आता निखारे आत घ्या" हा आपला जुना समज इथेच घात करतो. लाल झालेले बिनधुराचे निखारेच हा वायू जास्त सोडतात. शेगडीजवळ पाण्याचं भांडं ठेवलं तर वायू पाण्यात जातो, असंही लोक सांगतात. तेही खरं नाही. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

ऊब कुठून जाते, आधी ते पाहा

झोपलेला माणूस स्वतःच एक लहान हीटर असतो. त्याच्या अंगातून साधारण ७० ते ८० वॅट उष्णता सतत बाहेर पडते. टेम्पोत चार जण झोपले तर जवळपास ३०० वॅट झाले. ही उष्णता फुकटची आहे आणि रात्रभर चालू राहते. आपलं काम फक्त ती धरून ठेवायचं. ती चार वाटांनी निसटते.

पहिली वाट खालची. लोखंडी तळ किंवा ओली जमीन अंगातली ऊब ओढून घेते. अंगावर दोन रजया आणि खाली नुसती सतरंजी, असं असलं की माणूस कुडकुडतोच. अंगाखाली दबलेली रजई पातळ होते आणि तिच्यातली हवा निघून जाते, म्हणून खालचा थर वरच्यापेक्षा जाड पाहिजे.

दुसरी वाट वाऱ्याची. हिवाळ्यात आपल्याकडे बहुतेक वारा उत्तरेकडून येतो. फटीतून तो आत शिरला की गरम झालेली हवा निघून जाते.

तिसरी वाट पत्रा आणि काच. पत्र्यातून उष्णता झटक्यात बाहेर जाते. हात लावला की पत्रा गार लागतो तो त्यामुळेच.

चौथी वाट ओलीची. एक माणूस रात्रभरात श्वास आणि घामातून साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. ते गार पत्र्यावर थेंब होऊन जमतं आणि पांघरुणावर टपकतं. ओली रजई ऊब देत नाही. आत गॅस जाळला तर ओल आणखी वाढते, कारण एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं.

कापसातली झोप

ऊब म्हणजे अडकून बसलेली हवा. हे आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. त्यानंतर कितीतरी वर्षं खरेदी केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागायच्या आणि नंबर यायला रात्र-रात्र जायची. लहानपणी मी वडिलांसोबत अशा रांगेत झोपलो आहे. बाबा कापसात खड्डा करायचे, मला त्यात बसवायचे आणि वरून चवाळं टाकायचे. बाहेर हिव, आत घाम. कापसाच्या धाग्याधाग्यात हवा अडकलेली असते, तीच ऊब धरते. बाबांचा नियम एकच होता, कापसाच्या बंडीजवळ बिडी नाही. तो नियम आजही तसाच पाळायचा. कापूस, कुटार आणि कडबा ऊब देतात तसेच क्षणात पेटही घेतात.

जागा निवडताना

गार हवा जड असते. रात्री ती उतारावरून पाण्यासारखी वाहत नाल्यात आणि खोलगट भागात साचते. म्हणून राहुटी नाल्याच्या काठी लावू नका, थोड्या उंचवट्यावर लावा. दाट झाडाखाली उघड्या रानापेक्षा थंडी कमी लागते आणि दवही कमी पडतं. मात्र वाळलेल्या फांद्या वर नाहीत ना, ते पाहून घ्या.

गाडीचं तोंड उत्तरेकडे आणि मागची उघडी बाजू दक्षिणेकडे ठेवा. राहुटीचं दारही दक्षिणेकडेच. आभाळ निरभ्र असलं की रात्र जास्त गार जाते आणि ढग असले की कमी. चांदणं टिपूर दिसलं की एक पांघरूण जास्त काढून ठेवावं.

चिखलदऱ्याला मुक्काम असेल तर आणखी तयारी हवी. ते गाव समुद्रसपाटीपासून जवळपास ११०० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं.

अंथरुणाची रीत

१. सगळ्यात खाली ताडपत्री किंवा प्लास्टिकचा कागद, म्हणजे ओल वर येत नाही.

२. त्यावर दोन-तीन बारदाने किंवा पुठ्ठे. राहुटीत असाल तर वाळलेला कडबा चार बोटं जाड पसरा, पण मग आत काडी, दिवा, उदबत्ती काहीच नको.

३. त्यावर कापसाची गादी किंवा जाड वाकळ.

४. अंगावर एका जाड रजईपेक्षा दोन पातळ पांघरुणं बरी. दोघांच्या मधे हवेचा एक थर मिळतो. घोंगडं असेल तर ते सगळ्यात वर टाका, कारण लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरते.

५. टेम्पोच्या पत्र्याला आतून जुन्या चादरी किंवा गोधड्या लटकवा. पत्रा आणि कापड यांच्यात बोटभर अंतर ठेवा. केबिनच्या काचांना आतून पुठ्ठा लावा. थर्माकोल ऊब धरतो, पण पेटला तर विषारी धूर सोडतो, म्हणून तो टाळलेला बरा.

६. जागा जितकी लहान तितकी लवकर गरम होते. मोठ्या ट्रॉलीत दोघेच असतील तर पडदा बांधून अर्धी जागा तोडा.

७. वारा लागत नाही त्या बाजूला खाली दोन बोटं आणि वर दोन बोटं फट ठेवाच. "फट काहून ठेवता, हिव येते ना" असं घरचे म्हणतील. पण फट नसली तर ओल साचते, हवा कोंदट होते आणि पहाटेला जास्त गार वाटतं.

अंगाची तयारी

दिवसभर घातलेले घामट कपडे झोपायच्या आधी बदला. कोरडे पायमोजे आणि कानटोपी घाला. वावरात पाणी देणाऱ्यांनी ओले पाय पुसून, कोरडे करूनच अंथरुणात शिरावं. ओल्या पायाने झोपलेल्याला रात्रभर ऊब येत नाही. झोपायच्या आधी पोटभर गरम जेवण करा. रोडगे, वरण, वांग्याची भाजी हे थंडीतलं जेवण उगीच नाही. लघवीला जाऊन या, नाहीतर पहाटे ऊब सोडून उठावं लागतं.

दारूने ऊब येते, हा समज चुकीचा आहे. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, त्यामुळे अंग गरम वाटतं. प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर जाते. त्यात प्यालेल्या माणसाला थंडीचीही जाणीव राहत नाही आणि डोकं दुखतं तेही दारूचंच वाटतं. बहिरमला हंडीसोबत बाटली निघते, म्हणून मुद्दाम लिहितो.

गरम पाणी : सगळ्यात स्वस्त हीटर

बाहेरच्या चुलीवर पाणी गरम करा आणि रबरी पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरा. दोन लिटर पाणी ६० अंशांवरून ३० अंशांपर्यंत निवताना साधारण ७० वॅट-तास उष्णता देतं. म्हणजे एक माणूस तासभरात जेवढी ऊब देतो तेवढी. झोपायच्या पंधरा मिनिटं आधी अंथरुणात ठेवलं की गादी गरम होते, मग ते पायाशी सरकवायचं. वीटही चालते, पण पाण्यात उष्णता जास्त साठते.

बाटलीला मोजा किंवा फडकं गुंडाळा. थंड पेयाच्या प्लास्टिक बाटलीत गरम पाणी भरू नका, ती वाकडी होऊन गळते. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि शुगरवाले यांच्या कातडीला बाटली थेट लावू नका. शुगर जुनी असेल तर पायाला चटका बसलेला कळत नाही आणि जखम महिनोन्महिने बरी होत नाही. तान्ह्या बाळाच्या तोंडावर पांघरूण जाणार नाही, हेही रात्रीतून एकदा पाहा.

वीज, इंजिन आणि डिझेलचे हीटर

गाडीच्या बॅटरीवर रूम हीटर चालेल का, असं बरेच जण विचारतात. हिशोब सोपा आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १२०० वॅट-तास वीज मावते. १००० वॅटचा हीटर ती तासाभरात संपवेल आणि सकाळी गाडी धक्का मारून सुरू करावी लागेल.

यात्रेत दुकानाच्या पातळ वायरवरून हीटर लावणं त्याहून वाईट. १००० वॅटचा हीटर चार अँपिअरहून जास्त करंट ओढतो. जोड ढिला असला की वायर तापते आणि कापडाची राहुटी पेटायला वेळ लागत नाही.

इंजिन चालू ठेवून गाडीतला हीटर लावून झोपू नका. सायलेन्सरमधूनही तोच कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो तळाच्या भोकांतून आणि दाराच्या फटीतून आत येतो. गाड्या दाटीने उभ्या असतील तर शेजारच्याचा धूरही आपल्या गाडीत येतो. जनरेटर असेल तर तो राहुट्यांपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा.

परदेशातल्या कॅरॅव्हॅनमध्ये आणि थंड मुलखातल्या ट्रकांमध्ये डिझेलचा किंवा गॅसचा वेगळा हीटर असतो. त्याची जळणाची पेटी पूर्ण बंद असते. जळायला लागणारी हवा तो बाहेरून घेतो आणि धूर नळीने बाहेरच सोडतो. आत येते ती फक्त पेटीच्या बाहेरून फिरवून गरम केलेली हवा. साधारण २ किलोवॅटचा असा हीटर तासाला पाव लिटरच्या आत डिझेल पितो. आपल्याकडच्या थंडीला त्याची गरज नाही. पण त्यातली गोष्ट शिकण्यासारखी आहे : आगीची हवा वेगळी आणि माणसाची हवा वेगळी. घमेल्यात दोन्ही एक होतात. कोणी बसवायचाच म्हटला तर जाणकाराकडून बसवून घ्या आणि धुराची नळी दरवर्षी तपासा.

बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. गाडीत नेहमी झोपणाऱ्या ड्रायव्हरने तो घ्यावा. हा वायू हवेइतक्याच वजनाचा असल्याने सगळीकडे पसरतो. म्हणून अलार्म झोपलेल्या माणसाच्या डोक्याजवळ लावायचा. स्वयंपाकाच्या गॅसचा अलार्म वेगळा असतो. तो गॅस जड असल्याने खाली साचतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीजवळ. एकाचं काम दुसरा करत नाही.

शेकोटी करायचीच असेल तर

शेकोटी हिवाळ्याची मजा आहे, ती बंद करा असं कोणी म्हणत नाही. ती उघड्यावर, राहुटीपासून दहा-पंधरा पावलं लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला करा. पऱ्हाट्या आणि तुराट्या लवकर पेटतात आणि ठिणग्या उडवतात, तेव्हा कापूस, कुटार आणि गाड्यांपासून अंतर ठेवा. अंग शेकून घ्या, पाणी तापवून घ्या आणि झोपायच्या आधी निखाऱ्यांवर पाणी व माती टाका. राखेखालचा निखारा सकाळपर्यंत जिवंत असतो.

विषबाधा ओळखा आणि लगेच हे करा

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उलटी, अंगातला जोर जाणं, बोलताना अडखळणं, आवरेना इतकी झोप येणं ही लक्षणं आहेत. एकाच गाडीतल्या दोघा-तिघांना एकदम त्रास झाला आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर ते अपचन नाही, हा वायूच आहे असं धरा. गरोदर बाई, लहान मुलं आणि हृदयाचे रुग्ण यांना धोका जास्त.

- दार, ताडपत्री उघडा आणि सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या. आधी माणसं, मग निखारे.
- जो उठत नाही त्याला ओढत न्या. "झोपू दे" म्हणू नका.
- १०८ ला फोन करा. श्वास बंद असेल आणि येत असेल तर छातीवर दाब देणं सुरू करा.
- दवाखान्यात "बंद जागेत शेगडी होती" हे पहिल्या वाक्यात सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी चुकीचा, चांगला आकडा दाखवू शकतं. त्यावर विसंबू नका.
- बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा जायलाच चार-पाच तास लागतात. दवाखान्यातल्या शुद्ध ऑक्सिजनवर तेच काम तास-दीड तासात होतं.

थोडक्यात

अंगाखाली जास्त, अंगावर दोन थर. वाऱ्याला पाठ, उंचवट्यावर मुक्काम. कोरडे कपडे, डोक्याला टोपी, पायाशी गरम पाणी. खाली-वर दोन बोटं फट. विस्तव, इंजिन, जनरेटर बाहेर.

आमच्या घरी आता बहिरमला निघताना सामानात तीन रबरी पिशव्या असतात. घमेलं रोडग्यांपुरतं बाहेर वापरतो आणि रात्री पाणी टाकून टेम्पोखाली पालथं ठेवतो. मामी दरवर्षी झोपायच्या आधी एकदा वाकून पाहते, ते पालथंच आहे ना.